दूरचित्रवाणी संच : संगणकाचा पडदा

संगणकासाठी स्वतंत्र मॉनिटर न घेता घरातील दूरचित्रवाणी संच वापरण्याची पद्धत घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे. १९८२ साली ब्रिटनमध्ये आलेला ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा संगणक टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडला जाई. त्या पडद्यावर एका ओळीत केवळ ३२ अक्षरे मावत. आजचे संच कितीतरी पटींनी स्पष्ट आहेत. तरीही मूळ प्रश्न तोच राहतो : अक्षर नीट वाचता येते का?

डिचोली तालुक्यातील सर्वणसारख्या गावात हा प्रश्न खर्चाशी निगडित आहे. लॅपटॉपचा पडदा फुटला, परंतु आतील यंत्र शाबूत असले, तर दिवाणखान्यातील टीव्ही जोडून विद्यार्थ्याचा अभ्यास पुढे चालू शकतो.

जोडणी : एचडीएमआय वायरीतून चित्र व आवाज एकत्र जातात. जुन्या संगणकाला केवळ व्हीजीए जोडणी असल्यास आवाजासाठी वेगळी वायर लागते. लाल, पांढऱ्या व पिवळ्या छिद्रांच्या जुन्या संचावर रूपांतरक लावून चित्र दिसते. मात्र बारीक मजकूर वाचता येत नाही.

स्पष्टता : पडद्याच्या आकारापेक्षा त्यावरील बिंदूंची दाटी महत्त्वाची. १३६६ × ७६८ बिंदूंच्या ३२ इंची टीव्हीवर एका इंचात सुमारे ४९ बिंदू असतात. १९२० × १०८० बिंदूंच्या २४ इंची मॉनिटरवर सुमारे ९२. अशा टीव्हीसमोर मेजाच्या अंतरावर बसल्यास बिंदू सुटे दिसतात आणि देवनागरीतील अनुस्वार, रफार, उकार पुसट होतात. सुमारे ६ फुटांवर बसून अक्षरे मोठी केल्यास वाचन सुसह्य होते. मात्र पानाचा थोडाच भाग एका वेळी दिसतो. ४३ इंची ‘फोर-के’ संचावर इंचामागे सुमारे १०२ बिंदू असल्याने तो या बाबतीत मॉनिटरच्या तोडीचा ठरतो.

मांडणी : पडद्याच्या कडा कापल्या जाऊन खालची पट्टी दिसेनाशी झाल्यास टीव्हीच्या चित्र-आकारात ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडावे. ‘शार्पनेस’ कमी केल्यास अक्षरांभोवतीची पांढरी किनार जाते. अनेक संच चित्रपटासाठी रंगांचा तपशील कमी करून दाखवतात, त्यामुळे रंगीत अक्षरे फुटतात. जोडणीला ‘पीसी’ हे नाव दिल्यास अनेक संचांत हा दोष दूर होतो. माऊस मागाहून हलत असल्यास ‘गेम मोड’ सुरू करावा. ‘फोर-के’ चित्र एचडीएमआय १.४ जोडणीवर सेकंदाला ३० वेळाच बदलते; ६० वेळांसाठी एचडीएमआय २.० लागते.

दक्षता : पावसाळ्याच्या तोंडावर व परतीच्या पावसात गडगडाट होतो, तेव्हा केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते. डिश अथवा केबलच्या वायरीतून आलेला विजेचा झटका टीव्हीतून एचडीएमआयमार्गे संगणकापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून ढग गरजू लागण्यापूर्वीच दोन्हींचे प्लग, डिशची वायर आणि मधली वायर काढून ठेवावी. एरवी एका उपकरणाचे होणारे नुकसान जोडणीमुळे दोघांचे होऊ शकते, आणि त्यातच विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या टिपणांचाही समावेश असतो.