टिटवाळ्याचे व्यासपीठ

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीने जो प्रवासी टिटवाळ्यास उतरतो तो बहुधा महागणपतीच्या दर्शनास आलेला असतो. परंतु याच गावी जानेवारी 1945 मध्ये किसान सभेची परिषद भरली असता उंबरगाव तालुक्यातील मूठभर वारली सभामंडपात आले, आणि त्यांच्यापैकी माह्या धांगडा यांनी व्यासपीठावर उभे राहून आपल्या मुलखातील वेठीची हकिकत स्वमुखाने निवेदन केली, हे त्यास क्वचितच ठाऊक असते.

त्या हकिकतीत सरकारदरबारी अज्ञात असे फारसे काही नव्हते. ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत जमीनदार वारल्यांना फुकट राबवीत. लग्नापुरते कर्ज काढणारा तरुण सपत्नीक सावकाराच्या दारी ‘लग्नगडी’ म्हणून बांधला जाई, आणि ते कर्ज फिटल्याचा दिवस सावकाराच्या चोपडीत सहसा उगवत नसे. सिमिंग्टन नामक सनदी अधिकाऱ्याने या साऱ्याचा अहवाल काही वर्षांपूर्वीच मुंबई सरकारास सादर केला होता. अहवाल दप्तरी दाखल झाला, वेठ मात्र चालूच राहिली.

अशा अन्यायाविषयी वाटणाऱ्या दयेचा प्रवाह नेहमी वरून खाली वाहावा, असा श्रेष्ठींचा आग्रह असतो. अमेरिकेतील वर्णद्वेषावर हार्पर ली यांनी 1960 साली जी कादंबरी प्रसिद्ध केली, तीत टॉम रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय मजूर न्यायालयात एवढेच बोलून जातो की, आपल्यावर आरोप करणाऱ्या त्या गोऱ्या मुलीची आपल्याला कीव आली. आणि खोट्या आरोपापेक्षाही हे उद्गार तेथील सभ्य मंडळींना अधिक झोंबतात. ॲटिकस हा वकील थोर खरा, तथापि टॉमच्या वतीने बोलणारा तोच. टॉमच्या वस्तीतील माणसे सज्जात मूकपणे बसून राहतात.

वारल्यांच्या लढ्यातील गोदावरीबाई परुळेकर याही कायद्याच्या पदवीधर. पण पुण्याच्या सुशिक्षित गोखले घराण्यात वाढलेल्या या बाईंनी वकीलपत्र न घेता वारल्यांच्या झोपड्यांत मुक्काम केला, त्यांचे अन्न खाल्ले, त्यांची बोली आत्मसात केली. 23 मे 1945 रोजी झरी येथे सुमारे 5,000 आदिवासी जमले व त्यांनी वेठ न करण्याचा, तसेच रोजी 12 आणे रोख मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या कामावर न जाण्याचा निर्धार केला, आणि वेठ बंद पडली. ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. पाच जण ठार झाले. तरीही वेठ परत आली नाही.

या लढ्याचे कथन करणारा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हा त्यांचा ग्रंथ 1970 साली निघाला व त्यास 1972 चे साहित्य अकादमी पारितोषिक लाभले. तो कादंबरी नव्हे, आणि कलाकृती म्हणून तो हार्पर ली यांच्या पंक्तीस बसेलच असा माझा दावा नाही. परंतु अन्यायग्रस्ताला आदराने वागविणे म्हणजे काय, हे त्यात मला अधिक स्वच्छ दिसले. ठाण्याचा इतिहास शिकविताना 1853 ची आगगाडी सांगितली जाते, ते योग्यच आहे. टिटवाळ्याची परिषदही त्याच धड्यात सांगितली गेली पाहिजे.