कोल्हापूर प्रकरण, १८८२: पत्रे बनावट, काळजी खरी

१/ जुलै १८८२. मुंबईच्या न्यायालयाने पुण्याच्या दोन तरुण संपादकांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची साधी कैद सुनावली. ‘केसरी’चे गोपाळ गणेश आगरकर आणि ‘मराठा’चे बाळ गंगाधर टिळक. दोन्ही वृत्तपत्रे तेव्हा अवघ्या दीड वर्षाची होती.

२/ वाद कोल्हापूरच्या गादीचा होता. तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवण्यात आले होते. राज्याचा कारभार इंग्रजांच्या मर्जीतील कारभारी माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी पुणे अस्वस्थ झाले होते.

३/ अशा वेळी बर्व्यांच्या नावाची काही गुप्त पत्रे बाहेर आली. महाराजांविरुद्धचा कट त्यांतून उघड होतो, असे सांगितले गेले. दोन्ही संपादकांनी ती खरी मानली आणि बर्व्यांवर जाहीर आरोप केले.

४/ बर्वे न्यायालयात गेले. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाही. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले; आगरकरांनी पुढे त्यावर पुस्तकच लिहिले.

५/ चूक नेमकी कुठे झाली? महाराजांची बाजू घेणे हा गुन्हा नव्हता. परंतु मनात आधीच ठरलेल्या निष्कर्षाला पुष्टी देणारा कागद हाती आला आणि त्याची पारख राहून गेली.

६/ सरकार तरी तटस्थ होते काय? २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगर येथे इंग्रजांच्या देखरेखीत असताना, ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा मृत्यू झाला. पत्रे खोटी होती. काळजी खोटी नव्हती.

७/ ऑक्टोबर १८८९ मध्ये कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने काश्मीर-गिलगिटविषयी परराष्ट्र खात्यातील गोपनीय मजकूर छापला. त्याच महिन्यात सरकारने शासकीय गुपितांचा कायदा संमत केला. त्याचा वारस असलेला १९२३ चा कायदा भारतात आजही लागू आहे.

८/ कोल्हापूर खटल्यात कळीचा प्रश्न होता, कागद खरा की खोटा. गुपितांच्या कायद्यात प्रश्न असतो, तो बाहेर कसा आला. म्हणूनच खरेखोटे पारखण्याचे ओझे संपादकावर येते, आणि कागद आपल्याच बाजूचा असेल तेव्हा ते सर्वांत जड असते.