मठातले दुसरे बंधू

1206 साली वेल्समधल्या मार्गमच्या मठात बंड झालं. बंडखोर मठातलेच. त्यांनी कोठीच्या अधिकाऱ्याला घोड्यावरून खाली पाडलं, हत्यारं घेऊन मठाधिपतीचा 15 मैल पाठलाग केला, मग आपल्या निजायच्या दालनात मोर्चा बांधून बसले आणि मठवाशांचं जेवण तोडलं. जेवण तोडणं त्यांना जमलं, कारण धान्य पिकवणारे हात त्यांचेच होते.

हा मठ सिस्टर्शियन संघाचा, आणि या संघाची सुरुवातच मुळी 'आपलं आपण राबून खाऊ' या हट्टातून झाली होती. 1098 मध्ये रॉबर्ट नावाचा मठाधिपती एकवीसेक सोबती घेऊन फ्रान्समधल्या बर्गंडीत, सितोच्या रानात जाऊन राहिला. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत प्रार्थनेइतकंच अंगमेहनतीलाही महत्त्व होतं. पण तेव्हाचे मोठे मठ कुळांच्या घामावर मजेत जगत होते. सितोकरांनी ठरवलं: गावांकडून दशांश घ्यायचा नाही, वेठीची कुळं ठेवायची नाहीत, गिरणीचं भाडं खायचं नाही. झगासुद्धा न रंगवलेल्या लोकरीचा. 1113 च्या सुमारास बर्नार्ड हा सरदारघराण्यातला तरुण तीसेक नातलग आणि मित्र घेऊन दाखल झाला आणि मग लाटच आली. 1153 मध्ये तो वारला तेव्हा युरोपभर संघाचे तीनशेहून जास्त मठ होते.

दिवस कसा जायचा? मध्यरात्र उलटल्यावर घंटा व्हायची. दिवसरात्र मिळून आठ प्रार्थना. हिवाळ्यात दिवसाला एकच जेवण, मांस फक्त आजाऱ्याला. निजायचं अंगावरच्या कपड्यांतच. थंडीत ऊब घ्यायला एकच खोली. जेवताना काही हवं असलं तर हाताच्या खुणा. आता हिशेब करून बघा. आठ प्रार्थना, त्यात वाचन, त्यात मठापासून मैलोन्‌मैल लांबची शेतं. ती शेतं नांगरायची कोणी?

त्यासाठी 'कन्व्हर्सी' होते, म्हणजे दाढीवाले कामकरी बंधू. शपथ त्यांनीही घेतलेली, ब्रह्मचर्य त्यांनाही. पण ते शेतावरच्या वाड्यांत राहायचे आणि रविवारी किंवा सणाला मठात यायचे. त्यांचं भोजनगृह वेगळं, निजायचं दालन वेगळं, चर्चमध्ये मठवाशांच्या आणि त्यांच्या जागेमध्ये आडवी भिंत. पुस्तक हातात घ्यायला बंदी. चार प्रार्थना तेवढ्या पाठ करायच्या. कितीही वर्षं राबलं तरी कामकरी बंधूचा मठवासी व्हायचा नाही. (मराठी वाचकाला हा नियम फारसा परका वाटणार नाही.)

तरी लोक आले, हजारोंनी आले. त्यांना फसवून आणलं असं म्हणणं मला पटत नाही. जमीन नसलेल्या शेतकऱ्याच्या पोराला इथे पोटाला अन्न होतं, म्हातारपणी आधार होता, मोक्षाची आशा होती, आणि लोक त्याला 'बंधू' म्हणत होते. बाहेर यातलं काय मिळणार होतं?

गंमत अशी की गरिबीच्या याच व्रतानं संघ श्रीमंत झाला. राबणारे हात बिनपगारी, बायकामुलांचा खर्च नाही, चैन नाही. आलेला पैसा पुन्हा जमिनीत आणि मेंढ्यांत. यॉर्कशरमधला फाउंटन्स मठ 1132 मध्ये तेरा मठवाशांनी सुरू केला. पुढच्या शतकात तो इंग्लंडच्या बड्या लोकर-विक्रेत्यांपैकी एक होता. इटालियन व्यापारी पुढच्या कित्येक वर्षांच्या लोकरीचे पैसे आधीच मोजून द्यायचे. मग मेंढ्यांत रोग शिरला, ठरलेली लोकर देता येईना आणि मठ कर्जात बुडाला. काही ठिकाणी तर 'एकांत' हवा म्हणून वसती गावं उठवली गेली. आणि नको म्हटलेला दशांश, नको म्हटलेली भाडी एकेक करून परत आली.

कामकरी बंधूंना हे दिसत नव्हतं असं थोडंच आहे? शेतावरच्या वाड्यांत बिअर बंद करण्याच्या हुकमावरूनही भांडणं पेटली. चौदाव्या शतकात, विशेषतः 1348 नंतरच्या प्लेगमध्ये, ही माणसं फार कमी झाली आणि मठांनी जमिनी खंडानं लावून टाकल्या. ज्या पद्धतीला कंटाळून सितो वसवलं, तीच पद्धत.

मार्गमच्या बंडखोरांना शिक्षा झाली: चालत क्लेर्व्होला जायचं, तिथून त्यांना वेगवेगळ्या मठांत पांगवलं जाणार. वेल्सपासून फ्रान्सपर्यंत, मध्ये समुद्र. क्लेर्व्हो म्हणजे बर्नार्डनं 1115 मध्ये वसवलेला मठ. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिथे तुरुंग झाला, तो 2023 पर्यंत चालू होता. जुनं चर्च एकोणिसाव्या शतकात पाडून टाकलं. बाराव्या शतकातली एक मोठी इमारत मात्र अजून उभी आहे. ती कामकरी बंधूंची.