आखाड्यातून व्यायामवर्गाकडे

महाराष्ट्रातल्या तालमीत नवख्याला थेट कुस्ती मिळत नसे. आधी तांबडी माती खणायची, चाळायची, तीत तेल, ताक आणि हळद मिसळायची, मग जोर-बैठका. भार किती आणि कधी वाढवायचा, हे वस्ताद पोराचा दम पाहून ठरवी. त्यामुळे शिष्याची खरी निवड एकच, वस्तादाची. ती चुकली तर उमेदीची वर्षे वाया जात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही विद्या एका गुरूच्या अंगणाबाहेर पडली. बडोद्यात जुम्मादादांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी देशी भाषेतल्या हुकुमांवर सांघिक कवायत बसवली. शेकडो मुलांना एकाच वेळी शिकवता येऊ लागले, हे त्यांचे मोठेच काम. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायामशाळा काढली. तिचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. मंडळाच्या उन्हाळी वर्गांत शाळामास्तर येत आणि लाठी, लेझीम, मलखांब शिकून गावी परतत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. मद्रासला हॅरी क्रो बक यांचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९२० पासून चालू होते. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला प्रशिक्षण संस्था उघडली.

अल्प मुदतीच्या वर्गाला मर्यादाही होती. मलखांबावरची पकड काही आठवड्यांत समजते, अंगी मुरत नाही. म्हणून घरी परतल्यावर रोज सराव करून घेणारा जाणता माणूस लागेच. बडोद्याहून निघालेल्या दहा खंडी व्यायाम ज्ञानकोशाने अशा शिक्षकांना आधार दिला.