आधी रिचार्ज, मग उजेड?

आमच्या साताऱ्यात मीटर बदलायला दारात माणूस आला, की आधी विचारतात, 'प्रीपेड नाही ना?' गंमत म्हणजे २००३ च्या वीज कायद्यात (कलम ४७) प्रीपेड ही ग्राहकाची सोय होती: असं मीटर घ्यायला तुम्ही तयार असाल, तर कंपनीला अनामत मागता येत नाही. २०२१ च्या केंद्रीय योजनेनं त्याच सोयीची सक्ती करायला घेतली. लोक भडकले. जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री फडणवीस यांनी जाहीर केलं, सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर नाही. पुढे स्मार्ट मीटर आलंच, पण पोस्टपेड. म्हणून अनामतही कायम.

असो. दारातल्या माणसाशी भांडून काय होणार? प्रीपेड की पोस्टपेड, एवढं लेखी मागा. कायद्यातला शब्द 'तयार' आहे, आणि तयार आहोत की नाही हे आपण सांगायचं.