मुंबईचे पाणी आणि पालिका

विहिरी-तलावांवर विसंबणाऱ्या मुंबईला १८६० च्या सुमारास विहार तलावाचे पाणी मिळाले, तरी कापसाच्या तेजीने आणि गिरण्यांनी ओढून आणलेल्या लोकसंख्येला ते अपुरे पडावे व १८९२ मध्ये तानसा तलावाचा आश्रय घ्यावा लागावा, हे क्रमप्राप्तच होते. पाण्यामागोमाग निचऱ्याची पुरेशी तजवीज मात्र झाली नाही; कोंदट चाळींत १८९६ साली प्लेग शिरला, तेव्हा कुठे सरकारने १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापून दाट वस्त्या पाडण्याचा व रुंद रस्ते आखण्याचा उपक्रम आरंभिला. शहराचा कारभार पाहणाऱ्या पालिकेत १८८८ च्या कायद्याप्रमाणे लोकप्रतिनिधींना स्थान होते खरे, परंतु मताधिकार मर्यादितच राहिल्यामुळे, ज्यांच्या श्रमावर शहराची दौलत उभी होती त्या बहुसंख्य कष्टकऱ्यांना प्रौढ मतदानाच्या १९४८ च्या निवडणुकीपर्यंत तिष्ठावे लागले.