तिचे गाणे, त्याचे गाणे

जॉय डिव्हिजन या इंग्लिश रॉक गटाचे नाव निघाले की बोलणे फार लवकर इअन कर्टिसच्या आत्महत्येकडे वळते. १८ मे १९८० रोजी, वयाच्या २३व्या वर्षी तो गेला, आणि त्याची सगळी गाणी जणू त्या एका दिवसाची पूर्वसूचना होती अशा थाटात ती वाचली जातात. 'शीज लॉस्ट कंट्रोल'च्या बाबतीत हे वाचन कालक्रमालाच धरून नाही.

कर्टिस मॅक्लसफील्डच्या सेवायोजन कार्यालयात अपंगांना काम मिळवून देण्याची नोकरी करत असे. तिथे येणाऱ्या एका तरुणीला अपस्माराचे झटके येत; पुढे ती येईनाशी झाली आणि झटक्यातच तिचा अंत झाल्याचे त्याला कळले. गाणे १९७८ मध्येच मैफलींतून वाजू लागले होते. कर्टिसला स्वतःला मोठा झटका आला तो त्या वर्षीच्या डिसेंबरअखेरीस, आणि निदान झाले जानेवारी १९७९ मध्ये. म्हणजे मुळात हे आत्मकथन नव्हतेच. टेबलापलीकडच्या माणसाकडे पाहणाऱ्या कारकुनाचे ते गाणे होते. निवेदक साक्षीदार आहे, तिला सावरू शकत नाही आणि कळवळ्याचे प्रदर्शनही मांडत नाही. (पंकचा त्रागा ओसरल्यावर मँचेस्टर परिसरात जे संगीत आले, त्याचे वेगळेपण मला या कोरडेपणातच दिसते.)

जून १९७९च्या 'अननोन प्लेझर्स'मध्ये निर्माता मार्टिन हॅनेटने स्टीफन मॉरिसचे ड्रम्स थंड, यंत्रवत करून टाकले. पीटर हूकची बास गिटार वरच्या पट्टीत धून धरते. शरीर ताबा सोडते आहे आणि ठेका मात्र कुठेच चुकत नाही, हा विरोध शब्दांपेक्षा अधिक बोचतो.

मार्च १९८० मध्ये गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित झाले तेव्हा एक जास्तीचे कडवे आले, आणि त्यात 'ती' नाही, 'मी' आहे. हीच आवृत्ती कर्टिसच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी 'अ‍ॅटमॉस्फिअर'बरोबर तबकडीवर आली. रोलाँ बार्थने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली होती. इथे मृत्यू अक्षरशः घडला आणि लेखकच संहितेवर येऊन बसला. नव्या कडव्यामुळे चरित्रवादी वाचनाला आधार मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो आधार त्या कडव्यापुरताच. आधीची कडवी अजूनही त्या तरुणीची आहेत, आणि चाहत्यांच्या लेखनात तिचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो.